बार्बरा क्रूगर ह्यांच्या चित्रफलकांतील ‘मी’ आणि ‘तुम्ही’

भाषांतराच्या तासाला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपुढे प्रस्तुत लेखिकेने काही वर्षांपूर्वी पाच शब्दांचे एक इंग्रजी वाक्य ठेवले होते: ‘आय शॉप देअरफोर आय ॲम’. वाक्य सोपे होते. शब्दकोशाची गरज कोणासही नव्हती. तरीही वह्या पाहू लागताच वर्गात दोन तट पडलेले दिसले. काहींनी ‘मी खरेदी करतो, म्हणून मी आहे’ असे लिहिले होते. काहींनी ‘मी खरेदी करते, म्हणून मी आहे’ असे. विद्यार्थ्यांनी पहिले आणि विद्यार्थिनींनी दुसरे लिहिले असते, तर प्रश्न तेथेच मिटला असता. पण तसेही झाले नव्हते. कित्येक विद्यार्थिनींनी ‘करतो’ लिहिले होते, कारण वाक्याला तत्त्वज्ञानाचा वास होता आणि तत्त्वज्ञानातील ‘मी’ पुल्लिंगी असावयाचा, असे त्यांनी नकळत गृहीत धरले होते. दोन-तीन विद्यार्थ्यांनी ‘करते’ लिहिले होते, कारण खरेदी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे स्त्रीच उभी राहिली. बरोबर कोणाचे, हे सांगता येईना. मूळ वाक्यात ह्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते.

हे वाक्य बार्बरा क्रूगर ह्या अमेरिकन चित्रकर्तीच्या १९८७ सालच्या एका फलकावरील आहे. उपभोगवादावरील टीका म्हणून हा फलक जगभर ओळखला जातो. ती टीका नेमकी कोठे आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आमच्या मते ती वस्तूंच्या निंदेत नाही, आणि खरेदी करणाऱ्याच्या उपहासातही नाही. ती सर्वनामांच्या योजनेत आहे. जाहिरातीने जे व्याकरण एका कामासाठी घडविले, तेच क्रूगर ह्यांनी उलट्या कामाला लावले. ह्या योजनेतच त्यांच्या कलेचे बळ आहे, आणि तिच्यामुळेच ती कला बाजाराच्या हाती सापडली, असेही पुढे दिसून येईल.

क्रूगर ह्यांचा जन्म १९४५ साली न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे झाला. सिराक्यूज विद्यापीठात एक वर्ष काढल्यावर त्या न्यूयॉर्क येथील पार्सन्स कलाविद्यालयात आल्या. तेथे छायाचित्रकार डायेन आर्बस आणि मांडणीकार मार्विन इझ्राएल हे त्यांचे अध्यापक होते. औपचारिक शिक्षण त्यांनी पुरे केले नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या काँदे नास्त प्रकाशनसंस्थेच्या ‘मादमोझेल’ ह्या तरुण स्त्रियांच्या मासिकात मांडणीचे काम करू लागल्या आणि लवकरच त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हे मासिक २००१ साली बंद पडले. कलेच्या इतिहासात ह्या नोकरीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. आमच्या दृष्टीने मात्र क्रूगर ह्यांचे खरे विद्यापीठ तेच. वाचकाची नजर पानावर आधी कोठे पडते, तेथून ती कोठे न्यावयाची, छायाचित्र कोठे कापले असता त्यातील चेहरा वाचकाकडेच पाहू लागतो, मथळ्यात किती शब्द मावतात, ह्या गोष्टी तेथे रोजच्या रोज हाताने कराव्या लागत. शिवाय स्त्रियांच्या मासिकाची भाषा मुळातच द्वितीय पुरुषाची असते. तुमची त्वचा, तुमचे घर, तुमचा उन्हाळा: वाचकाला न ओळखता त्याच्याशी जवळीक साधणारे हे ‘तुमचे’ त्यांनी वर्षानुवर्षे चित्रांशेजारी बसविले. मांडणीचे ते काम हेच पुढे आपली कला बनले, असे त्यांनी स्वतःही सांगितले आहे.

मधल्या काळात त्यांनी विणकाम, धागे, मणी ह्यांची कामे केली आणि त्यांपैकी काही १९७३ साली व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. ह्या कामांविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. १९७६ पासून त्या बर्कली येथे अध्यापन करीत होत्या. वाल्टर बेन्यामिन आणि रोलाँ बार्थ ह्यांचे वाचन ह्याच काळातले. १९७९ साली ‘पिक्चर/रीडिंग्ज’ हे त्यांचे पुस्तक निघाले. त्यात घरांच्या बाह्यभागांची छायाचित्रे आणि आत राहणाऱ्यांविषयीचा कल्पित मजकूर समोरासमोर ठेवला होता. चित्र आणि शब्द येथे एकत्र आले. परंतु मजकूर अद्याप तृतीय पुरुषात होता. घरातील माणसे ‘ती’ होती. वाचकाला कोणी हाक मारीत नव्हते.

ती हाक १९८१च्या सुमारास ऐकू येऊ लागली. ह्यानंतर त्यांची जी पद्धत ठरली ती सर्वपरिचित आहे. जुन्या मासिकांतून आणि माहितीपुस्तकांतून कापलेले कृष्णधवल छायाचित्र, त्यावर चिकटविलेले थोडे शब्द, फ्यूचरा टाइपाचा ठळक तिरपा प्रकार, आणि बहुधा लाल चौकट. प्रथम कात्री आणि गोंद ह्यांच्या साहाय्याने लहान प्रत तयार करावयाची आणि मग ती भिंतीएवढी मोठी करावयाची, हा क्रमही मासिकाच्या कचेरीतलाच. पाउल रेनर ह्यांनी जर्मनीत १९२७ साली काढलेला हा टाइप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाहिरातीच्या इतका अंगवळणी पडला होता की, मजकूर वाचण्याआधीच ‘कोणीतरी काही विकत आहे’ हे डोळ्यास समजावे. क्रूगर ह्यांच्या वाक्यांना ही ओळख आयती मिळाली.

आता सर्वनामांकडे वळू. ‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘आज’ अशा पदांचा अर्थ ती कोण, कोठे आणि केव्हा उच्चारतो ह्यावर ठरतो. येस्पर्सन ह्यांनी १९२२ साली ह्या वर्गाकडे लक्ष वेधले. बांव्हेनिस्त ह्यांचा सर्वनामांविषयीचा निबंध १९५६चा आणि याकोब्सन ह्यांचा १९५७चा. बांव्हेनिस्त ह्यांचा मुद्दा असा की, ‘मी’ आणि ‘तू’ ही रिकामी चिन्हे आहेत. बोलणारा त्यांत शिरला म्हणजेच ती भरतात, आणि तृतीय पुरुष ह्या अर्थाने पुरुषच नव्हे. जाहिरात ह्या रिकामेपणावरच जगते. ‘तुमच्यासाठी’ असे लिहिलेला फलक रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी प्रत्येकाला वेगळेपणाने लागू पडतो, आणि तो वाचताना माणूस त्या ‘तुम्ही’त न कळत शिरतो. कोणी शिरावयास सांगितले नव्हते. वाचणे हेच शिरणे असते.

क्रूगर ह्यांनी ह्या क्षणालाच अडविले. १९८१च्या एका फलकावर दगडी स्त्रीमस्तकाचे बाजूने घेतलेले छायाचित्र आहे आणि डाव्या कडेला एकाखाली एक शब्द रचले आहेत. आशय असा, की तुझी नजर माझ्या चेहऱ्याच्या बाजूवर आदळते. ‘माझ्या’ म्हणणारी दगडाची आहे. तिला डोळे वळविता येत नाहीत, म्हणजे ती आपल्याकडे पाहत नाही. आणि तरी ती पाहणाऱ्याला ‘तुझी’ म्हणते. फलकासमोर उभा असलेला पुरुष त्या ‘तुझी’त सापडतो. स्त्री उभी असली तर काय होते? ती ‘तुझी’त शिरू शकते, आणि ‘माझ्या’तही. किंबहुना तिला दोन्हींत आळीपाळीने शिरावे लागते, कारण पुरुषाच्या नजरेने स्वतःकडे पाहण्याची सवय तिला मासिकांनीच लावलेली असते. क्रेग ओवेन्स ह्या समीक्षकाने १९८४ सालीच क्रूगर ह्यांच्या सर्वनामांच्या ह्या अस्थिरतेची चर्चा केली होती. चित्रपटातील पुरुषी नजरेविषयीचा लॉरा मल्व्ही ह्यांचा निबंध १९७५चा. त्याचे ऋणही येथे मान्य करावयास हवे. परंतु मल्व्ही ह्यांना जे सांगण्यास पूर्ण निबंध लागला, ते येथे दोन संबंधवाचक सर्वनामांनी घडते, हा फरक लहान नव्हे.

बार्थ ह्यांनी १९६४ साली जाहिरातीतील चित्राचे विश्लेषण करताना म्हटले होते की, चित्राचे अर्थ अनेक असतात आणि सोबतचा मजकूर त्यांना नांगर टाकून एका जागी थांबवितो. क्रूगर ह्यांच्या फलकांत मजकूर उलटे काम करतो. चित्राचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. शब्द येऊन तो नांगर उचलतात. १९८४च्या एका फलकाचे वाक्य आहे: मला विकत घ्या, मी तुमचे आयुष्य बदलून टाकीन. येथे ‘मी’ कोण? वस्तू. सर्व जाहिराती जे वचन गुंडाळून देतात, ते येथे वस्तूने स्वतः प्रथमपुरुषात, लाज न बाळगता उच्चारले आहे, आणि उच्चारताच ते हास्यास्पद झाले आहे. १९८५च्या दुसऱ्या एका फलकावर बोलक्या बाहुल्याच्या चित्रासह, संस्कृती हा शब्द ऐकताच मी चेकबुक काढतो, अशा अर्थाचे वाक्य आहे. नाझी काळातील एका नाटकातून निघालेल्या कुप्रसिद्ध उक्तीत पिस्तुलाचा उल्लेख होता. त्या जागी येथे चेकबुक आले. वाक्य ‘मी’चे, पण तोंड बाहुल्याचे. बोलविता धनी कोण, हे पाहणाऱ्याने ठरवावे.

१९८७चा फलक ह्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. एक हात, त्या हातात कार्डासारखी एक पत्रिका, आणि पत्रिकेवर ते पाच शब्द. हाताला चेहरा नाही. देकार्त ह्यांनी १६३७ साली विचार करणाऱ्या ‘मी’ला अस्तित्वाचा पुरावा मानले, येथे विचाराच्या जागी खरेदी आली, एवढे सर्वच सांगतात. आमच्या मते महत्त्वाचे दुसरेच आहे. देकार्तचा ‘मी’ एकांतात सिद्ध होतो. खरेदी करणारा ‘मी’ एकट्याने सिद्ध होऊ शकत नाही. त्याला आधी कोणीतरी ‘तुम्ही’ म्हणावे लागते. जाहिरातीतील ‘तुम्ही’ला दिलेले उत्तर म्हणजे हा ‘मी’. म्हणून मराठीत अलीकडे रूढ झालेला ‘चंगळवाद’ हा शब्द ह्या फलकाला नीटसा लागू पडत नाही. चंगळ करणाऱ्यावर त्या शब्दात नैतिक ठपका आहे. त्याने हात आवरता घ्यावा अशी सूचना आहे. क्रूगर ह्यांच्या वाक्यातील माणूस चैन करीत नाही. तो अस्तित्वात राहण्याची धडपड करीत आहे.

येथे वर्गातील तो तिढा पुन्हा पाहू. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. देकार्तच्या लॅटिनमध्येही नाही. मराठीत वर्तमानकाळी ‘करतो’ किंवा ‘करते’ म्हणावेच लागते. (कोल्हापूरकडील स्त्रियांच्या बोलण्यात ‘मी जातो’, ‘मी आलो’ हे सहज येते, पण प्रमाणभाषेत फलक रंगविणाऱ्यास ही सवलत नाही.) पळवाटा आहेत. ‘मी खरेदी केली’ म्हटले की क्रियापद कर्त्याकडे न पाहता ‘खरेदी’कडे पाहते आणि लिंग लपते, परंतु मग रोजची सवय जाऊन एकदाच घडलेली गोष्ट उरते. भविष्यकाळात ‘करीन’ला लिंग नाही, पण तेथे वचन येते. ‘मला खरेदी करावी लागते’ म्हटले तर लिंग जाते, आणि त्याबरोबर ‘मी’चे कर्तेपणही जाते. हे तिसरे भाषांतर, विचित्र वाटले तरी, मूळच्या आशयाशी सर्वांत प्रामाणिक आहे असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. पण वर्गात ते कोणी लिहिले नव्हते.

‘तुम्ही’च्या बाबतीत अडचण ह्याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीचे एकच सर्वनाम आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्या तीन पायऱ्यांत विभागले जाते. वर आम्ही दगडी मस्तकाच्या वाक्यात ‘तुझी’ लिहिले आणि वस्तूच्या वाक्यात ‘तुमचे’; वाचकांना ते खटकले नसेल, परंतु दोन्ही ठिकाणी मुळात एकच शब्द आहे. वस्तू गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हणत नाही, हे मराठी बाजाराचे संकेत आम्ही निमूटपणे पाळले. तीच गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांची. दामले ह्यांच्या १९११च्या व्याकरणापासून आजवरच्या अभ्यासकांनी विचारात घेतलेला हा भेद (ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’, सामावून घेणारा ‘आपण’) इंग्रजीस नाही. १९८३ साली क्रूगर ह्यांनी, तुमच्या संस्कृतीसाठी आम्ही निसर्गाची भूमिका करणार नाही, अशा अर्थाचा फलक केला. डोळ्यांवर पाने ठेवलेला स्त्रीचा चेहरा त्यावर आहे, आणि स्त्री-पुरुष व निसर्ग-संस्कृती ह्या जोड्यांविषयीच्या शेरी ऑर्टनर ह्यांच्या १९७४च्या निबंधाशी त्याचे नाते उघड आहे. तेथे ‘आम्ही’ निश्चित आहे. परंतु १९८७च्या, आणखी एका वीरनायकाची गरज नाही असे सांगणाऱ्या फलकात काय करावयाचे? चित्रात एक मुलगा दंडाची बेटकुळी दाखवीत आहे आणि एक मुलगी ती कौतुकाने पाहत आहे. ‘आम्हांला गरज नाही’ म्हटले तर बोलणाऱ्या स्त्रिया होतात. ‘आपल्याला’ म्हटले तर तो मुलगाही त्यात येतो, आणि बेटकुळीच्या ओझ्यातून त्याचीही सुटका होते. मूळ वाक्य दोन्ही अर्थ राखून उभे आहे. मराठीत एक अर्थ गमवावा लागेल.

क्रूगर ह्यांच्या ‘तुम्ही’ची सर्वांत कठीण परीक्षा १९८९ साली झाली. गर्भपाताच्या हक्कासाठी त्या वर्षी ९ एप्रिलला वॉशिंग्टन येथे निघालेल्या मोर्चासाठी त्यांनी फलक केला: तुझे शरीर ही रणभूमी आहे. स्त्रीचा चेहरा मधोमध दुभागलेला, एक अर्धा भाग सरळ छायाचित्राचा आणि दुसरा निगेटिव्हचा. १९८१च्या फलकात ‘तुझी’ म्हणजे पुरुषाची. येथे ‘तुझे’ म्हणजे स्त्रीचे. तेच सर्वनाम आठ वर्षांत समोरच्या पक्षाकडून आपल्या पक्षाकडे आले. १९९० साली ओहायोतील कोलंबस येथे हे वाक्य रस्त्यावरील मोठ्या फलकावर लागले, तेव्हा लगोलग शेजारच्या फलकावर गर्भपातविरोधकांनी गर्भाचे चित्र लावले. ‘शरीर’ कोणाचे, हा वाद दोन जाहिरातींच्या मध्ये उभा राहिला. १९९१ साली वॉर्सा येथे हा फलक पोलिश भाषेत लागला. पोलिशमध्येही आदरार्थी आणि जवळिकीचे संबोधन वेगळे आहे. तेथे जवळिकीचे रूप वापरले गेले. मराठीत आम्हीही ‘तुझे’च लिहू. रणभूमीवर कोणी ‘आपले’ म्हणत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि तेहतीस वर्षांपूर्वीचा हा फलक पुन्हा मोर्च्यांत दिसू लागला.

आता दुसरी बाजू. रिकामे चिन्ह कोणीही भरू शकतो. ‘मी खरेदी करते’ हे वाक्य १९९० साली कागदी पिशवीवर छापले गेले. तो अजून विनोद होता. पुढे नव्या शतकात लंडनच्या सेल्फ्रिजेस ह्या भव्य दुकानाने आपल्या सवलत-विक्रीच्या प्रचारासाठी क्रूगर ह्यांच्याकडूनच फलक घेतले. टीकेचे वाक्य दुकानाच्या दारावर गेले आणि गर्दी कमी झाली नाही. ह्याचे समर्थन करणे आम्हांस कठीण वाटते. टीकाकाराने बाजाराच्या आत शिरूनच बोलले पाहिजे, हा युक्तिवाद दुकानाने पैसे दिल्यावर फार लवकर सुचतो. सुप्रीम ह्या वस्त्रव्यवसायाची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ह्या दुकानाने लाल पट्टीवर पांढऱ्या तिरप्या फ्यूचरात आपले नाव छापले. ही शैली क्रूगर ह्यांची, हे पाहताच कळते. २०१३ साली ह्याच दुकानाने आपल्या मुद्रेची नक्कल केल्याबद्दल एका लहान स्त्री-वस्त्र व्यवसायावर खटला भरला. पत्रकारांनी क्रूगर ह्यांचे मत विचारले, तेव्हा त्यांनी शेलक्या शब्दांत सर्वांची संभावना केली आणि ही मंडळी आता माझ्यावरही खटला भरतील अशी वाट पाहत आहे, अशा आशयाचे उत्तर धाडले. २०२० साली हा व्यवसाय सुमारे २१० कोटी डॉलरना विकला गेला. त्याने क्रूगर ह्यांचे सर्व घेतले. फक्त सर्वनामे घेतली नाहीत. त्या लाल पट्टीत ‘मी’ नाही, ‘तुम्ही’ नाही, केवळ नाव आहे. शैली चोरता आली; व्याकरण त्यांना नको होते.

क्रूगर ह्यांच्या कामात एकदा मात्र ‘तुम्ही’ने प्रत्यक्ष उत्तर दिले, आणि तो प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. लॉस एंजेलिस येथील समकालीन कलासंग्रहालयाच्या भिंतीसाठी त्यांनी राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेचा मजकूर योजिला होता. ती जागा ‘लिटल टोकियो’ ह्या जपानी-अमेरिकन वस्तीत आहे. दुसऱ्या महायुद्धात ह्या समाजाला छावण्यांत डांबले होते, आणि तेथील मुलांकडून हीच प्रतिज्ञा म्हणवून घेतली जात असे. रहिवाशांनी हरकत घेतली, बैठका झाल्या, क्रूगर ह्यांनी प्रतिज्ञा काढून टाकली आणि १९९० साली त्या भिंतीवर केवळ प्रश्न आले. कायद्याच्या पलीकडे कोण आहे? कोणाची खरेदी-विक्री होते? निवड करण्यास कोण मोकळे आहे? शेवटी कोण हसते? प्रतिज्ञेतील ‘मी’ दुसऱ्याच्या तोंडी सक्तीने घालता येतो, हे त्या रहिवाशांना कलावंतापेक्षा अधिक ठाऊक होते. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ ह्यांच्या जागी ‘कोण’ आले, ते त्यांच्यामुळे. २०१८ साली हे भित्तिचित्र पुन्हा रंगविले गेले. २०१७ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या ५०,००० तिकीटपत्रिकांवरही क्रूगर ह्यांचे असेच ‘कोण’ छापले होते. योगायोगाने मराठीला येथे इंग्रजीपेक्षा बरे साधन आहे: ‘कोण बोलते आहे?’ ह्या प्रश्नात आपण नपुंसकलिंग योजतो, म्हणजे उत्तर येईपर्यंत स्त्री-पुरुष हा निर्णय थांबवून ठेवतो.

२०२१ साली शिकागो येथे सुरू होऊन पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे गेलेल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचे नावच सर्वनामांचे होते: तुमचा विचार करते आहे, म्हणजे माझा, म्हणजे तुमचा. त्यातील पहिले ‘तुम्ही’ आणि ‘मी’ छापून वर काट मारली होती. ह्याच प्रदर्शनात १९८७चा फलक चलच्चित्राच्या रूपाने पुन्हा आला. कोडे जुळवावे तसे तुकडे सरकत एकत्र येतात, वाक्य तयार होते, विस्कटते, आणि नवे वाक्य तयार होते. खरेदी करते म्हणून साठविते; प्रेम करते म्हणून गरज भासते; गरज भासते म्हणून खरेदी करते. ह्या मालिकेतील एक वाक्य मरणाचे आहे: मी मरते, म्हणून मी होते. प्रस्तुत लेखिकेने ते वाक्यही वर्गापुढे ठेवले. ‘मी आहे’ ह्याला मराठीत लिंग नाही. भूतकाळात गेल्याबरोबर ‘होतो’ की ‘होते’ हे ठरवावे लागते. ह्या वेळी वर्गातील बहुतेकांनी वाक्याचा उत्तरार्ध कोरा ठेवला होता.